पोटात एक, अहवालात दुसरं

लखनऊ छावनीत झाडांचे बुंधेसुद्धा गेरू-चुना लावून रांगेत उभे असतात. एका जागी न बसणारं सात वर्षांचं पोर मात्र रांगेत उभं राहत नाही, म्हणून सध्या त्याच्या पोटातल्या जंतूंना कवायत शिकवायचं घाटतंय. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, "अगं, चंचल मुलांना कुठलं प्रोबायोटिक द्यावं?" तासाभरात अशा जिवंत जंतूंच्या पुड्यांच्या नावांचा ढीग पडला. डॉक्टरचं नाव एकीनंही सुचवलं नाही. तेही जिथे आर्मी मेडिकल कोअरचं सेंटर आहे त्या छावनीत, चालता चालता डॉक्टरच्या अंगावर आदळावं अशा ठिकाणी!

ग्रुपवर फिरतो तो दाखला फिनलंडचा, २०१५चा. आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांत काही बाळांना लॅक्टोबॅसिलस या जंतूचा एक वाण मिळाला, काहींना नुसतीच पूड. तेरा वर्षांनी नुसत्या पुडीवाल्या ३५पैकी ६ मुलांना एडीएचडी (म्हणजे हीच चंचलता, पण निदान झालेली) किंवा ॲस्पर्जर (ऑटिझमचा एक प्रकार) निघाला, जंतूवाल्या ४०मध्ये कुणालाच नाही. टाळ्या! पण सगळी मिळून मुलं ७५. शिवाय त्रास निघालेल्या मुलांच्या पोटात तान्हेपणी बिफिडोबॅक्टेरियम हा जंतू कमी होता, असं त्यात म्हटलं होतं. २०१७ साली नेदरलँड्समध्ये एडीएचडी असलेले १९ जण तपासले, तर त्यांच्यात तोच बिफिडो जास्त! कचेरीत काहीही बिघडलं की बदली होऊन गेलेल्या माणसाचं नाव पुढे येतं, तसं या बिचाऱ्या जंतूचं झालंय.

आणि आधी काय, पोट की स्वभाव? ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांवरच्या २०२१च्या अभ्यासात ऑटिझमबाबत असं दिसलं की, मुलं मोजकंच खातात म्हणून जंतू बदलतात. बिस्किट आणि आलूपराठा सोडून कशालाही तोंड न लावणाऱ्या आपल्या चिरंजिवांच्या पोटात वैविध्य येणार कुठून? त्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं पाणी, नवी मेस.

बरं, पोटं तरी सारखी आहेत का? पुण्यात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं भारतीय पोटं तपासली, तेव्हा प्रेव्होटेला हा जंतू ठळक दिसला. फिनलंडमधल्या तुर्कूच्या बाळाला मानवलेली पूड इथल्या सदर बाजारातल्या मिठाईवर वाढलेल्या पोराला मानवेलच, हे कुणी सांगितलं? संशोधक मात्र जोरात आहेत. पोटातले जंतू आणि चंचलपणा या विषयावर किती निबंध निघाले, कुणी कुणाचा दाखला दिला, यावरही आता निबंध निघतात.

एडीएचडीवरचं औषध मिथाइलफेनिडेट प्रयोगशाळेत बनलं १९४४ साली. त्याचा उपयोग आणि दुष्परिणाम दोन्ही डॉक्टरांना पाठ आहेत. "सवय लागेल हो," म्हणून त्याला नाक मुरडणारी आई आत काय आहे ते न वाचता पुडी दुधात ढवळते.

पोराला शेवटच्या बाकावरून पहिल्यावर आणायला तर गोळीही लागत नाही, बाईंना एक अर्ज पुरतो. परवा शेजारी तो भरणं चाललं होतं. 'कारण' या रकान्याशी सूनबाईंचं पेन अडलं. रिटायर्ड सुभेदार आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "आपल्या घराण्यात डोक्याचं काही नाही. पोट बिघडलंय, असं लिही."