मन न लावता मानसशास्त्र: होतकरू शिक्षकांसाठी मार्गदर्शिका

मेजर इतिहास, मायनर मानसशास्त्र आणि पुढे बी.एड. असा बेत असेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. मायनर का घेतला असं विचारलं, तर ‘मुलांचं मन समजून घ्यायचंय’ असं सांगावं. वेळापत्रकात तेवढाच विषय बसत होता, हे सांगू नये.

साहित्य: एक कोरं जर्नल, आणि गेल्या वर्षीच्या कुणाचं तरी एक भरलेलं.

आधी प्राणी पाठ करा. पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचे उंदीर नि कबुतरं, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी. यांची अदलाबदल झाली की मार्क गेले. मूल या यादीत फार उशिरा येतं, आणि येतं तेही पियाजेच्या घरचं. त्यानं आपल्याच तीन मुलांची निरीक्षणं लिहून ठेवली होती. एबिंगहाउसनं तर स्वतःलाच प्रयुक्त केलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि आपण ते किती वेगानं विसरतो हे मोजायचं, असा त्याचा उद्योग. पुस्तक १८८५ चं. त्याचा विस्मरणाचा वक्र परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करा. आठवड्याभरात तो आपोआप सिद्ध होतो.

आता धोक्याची सूचना. प्रॅक्टिकलला आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग असतो. कागद आडोशाखाली, दिसतो फक्त आरशात. पेन्सिल पुढे न्यावी तर आरशात ती आपल्याकडे येते. कोपऱ्यावर हात अडतो, थरथरतो, भलतीकडेच जातो. बारावीला उत्तम मार्क मिळवलेल्या माणसाला एक सरळ रेघ जमत नाही. समोर प्रयोगकर्ता घड्याळ लावून चुका मोजतोय, आणि शेजारचा म्हणतोय, ‘अगं, सोपं तर आहे!’ पाचवीतलं पोर भागाकाराला अडतं तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, हे कुठल्याच प्रकरणात इतकं नीट दिलेलं नाही. म्हणून हा प्रयोग टाळाच. आकडे भरलेल्या जर्नलमधून उतरवा. दर प्रयत्नाला चुका कमी होऊ द्या, मध्ये एकदा वाढवा, खरं वाटतं.

बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात प्रबलन कौशल्य येईल. वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसतात आणि ठरलेली उत्तरं देतात. पाच-सहा मिनिटांत जमतील तेवढे ‘शाब्बास’ उरका. खऱ्या वर्गासाठी साठवून ठेवण्याची पद्धत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं, एवढं लक्षात ठेवा. त्याच कलमात मानसिक छळही आहे. पण ‘तुझ्या ताईला तर सगळं यायचं’ या वाक्याचा वळ उठत नाही.

शेवटी टीईटी. दीडशेपैकी तीस मार्क बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे. चारांतला सर्वांत मायाळू पर्याय निवडत चला. ‘विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे कराल’ हा तिथे चुकीचाच धरा. तो नेमणुकीनंतर लागतो.