ओले केस, कोरडे कौतुक

लांब केसांविषयी आजवर जे काही लिहिले, गायले आणि रंगवले गेले, ते जवळजवळ सगळे कोरड्या केसांविषयी आहे. न्हाणे झाल्यापासून वेणी पडेपर्यंतचा जो दीर्घ, ओलसर आणि कोणालाही प्रेक्षणीय न वाटणारा काळ असतो, त्याची दखल घेण्याचे कष्ट रसिकांनी सहसा घेतलेले नाहीत. न्हाणे, म्हणजे डोक्यावरून अंघोळ करणे, हा साध्या अंघोळीहून वेगळा विधी आहे हे लांब केसांच्या घरात सर्वांना ठाऊक असते, कारण त्या दिवशी गरम पाणी संपते, न्हाणीघराचे दार उघडत नाही आणि मोरीच्या जाळीवरून दिवसभर कुरबुर चालते. प्रस्तुत लेखिकेचे केस कंबरेच्या खाली पोचतात. हे वाक्य विषयाच्या दृष्टीने आवश्यक नाही, परंतु ते कोठे ना कोठे येणारच होते, म्हणून सुरुवातीलाच उरकून घेतलेले बरे.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू असून त्याच्या बाहेरच्या अंगाला एकावर एक चढलेल्या अतिसूक्ष्म खवल्यांचे आवरण असते, आणि या खवल्यांची तोंडे शेंड्याकडे असल्यामुळे चिमटीत धरलेला केस मुळाकडून खाली ओढताना गुळगुळीत व उलट दिशेने ओढताना खरखरीत लागतो. भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पोटात घेतो, जाडीने फुगतो, त्याचे खवले उचलले जातात, आणि केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध, म्हणजे पाण्याने सुटणारे व वाळल्यावर पुन्हा जुळणारे दुबळे बंध, तेवढ्यापुरते सुटून जातात. परिणामी ओला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ अधिक ताणला जातो आणि ताणणाऱ्याचा असा समज होतो की केस फार समजूतदार आहे. तो समज केस तुटेपर्यंत टिकतो. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो हे ध्यानात घेतले, तर ८० सेंटीमीटर लांबीच्या केसाचा शेंडा डोक्यातून बाहेर पडून सहा-सात वर्षे झालेली असतात, म्हणजे मधल्या काळातले प्रत्येक न्हाणे, प्रत्येक ऊन आणि प्रत्येक लग्नसराई त्याने सोसलेली असते, आणि घरातील ज्येष्ठांप्रमाणे त्याच्याही वाट्याला तेल सर्वांत शेवटी व सर्वांत कमी येते. शेंडे दुभंगलेले आहेत, दोन इंच कापावे लागतील, असे पार्लरमधील मुलीने शास्त्रशुद्धपणे सांगितल्यावर लेखिकेने जी घासाघीस केली ती मंडईतही शोभली नसती.

केस वाळवण्याच्या परंपरागत पद्धतींत पहिला मान पंच्याचा. पंचा म्हणजे विरळ विणीचे सुती वस्त्र. ते पाणी झटकन टिपते, आणि टर्किश टॉवेलच्या फुगीर धाग्यांत उचललेले खवले जसे अडकतात तसे त्यात अडकत नाहीत, त्यामुळे केसांभोवती पंचा गुंडाळून नुसते दाबत राहणे ही पद्धत आजही निर्दोष ठरते. दुर्दैवाने पंच्याचा दुसराही एक उपयोग घरोघरी रूढ आहे: पुढे वाकायचे, केस तोंडावर घ्यायचे आणि पंच्याला पीळ देऊन त्याचे फटके केसांवर ओढायचे. हे दृश्य भारदस्त असते, आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तुषार समोरच्या वर्तमानपत्रावर उडतात, आणि केसांचे जेवढे नुकसान एका सकाळीत करता येणे शक्य आहे तेवढे होते. पिळण्याची गत याहून बरी नाही, जरी तिच्या पाठीशी मोठी कलापरंपरा उभी असली. मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांत आणि खजुराहोच्या मंदिरांवर सद्यःस्नाता, म्हणजे नुकतीच न्हालेली स्त्री, केस पिळताना दिसते आणि तिच्या पायाशी एक हंस मान वर करून ते थेंब मोती समजून टिपत असतो. शिल्पकारांचे केशविज्ञान कच्चे असले तरी त्यांची व्यवस्थापनाची जाण पक्की होती, हे मान्य केले पाहिजे, कारण सदनिकेत तेच थेंब गुळगुळीत फरशीवर पडतात, ते टिपायला हंस नसतो आणि त्यांवरून घसरणारे माणूस काव्याच्या मनःस्थितीत नसते.

उन्हात वाळवलेले केस सर्वांत निरोगी, ही समजूत इतकी रुजलेली आहे की तिला धक्का देणे अवघड आहे, तरीही २०११ साली कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, आपोआप वाळू दिलेल्या केसांचा बाह्य पृष्ठभाग चांगला राहिला, पण बराच काळ ओले राहिल्यामुळे त्यांच्या आतील पेशींना सांधणाऱ्या थराला इजा झाली, आणि १५ सेंटीमीटर अंतरावरून, सतत हलता ठेवून वापरलेल्या ड्रायरने ती झाली नाही. तोच ड्रायर ५ सेंटीमीटरवर आणला की तापमान ९५ अंशांपर्यंत चढते आणि खवले सोलवटतात, ही गोष्ट ऑफिसला उशीर झालेल्या व्यक्तीला सांगून उपयोग नसतो. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात ऊन हा पर्याय मुळातच रद्द असल्यामुळे पूर्वी धुरी देत; निखाऱ्यांवर ऊद टाकायचा, वर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर केस पसरून आडवे पडायचे. मंद उष्णता आणि अंतर या दोन्ही अटी ही टोपली पाळते, आणि वर सुगंध देते. तिच्यात दोष एकच आहे की ती आडवे पडायला अर्धी दुपार मागते.

येथेच केसांच्या ‘नैसर्गिक’ लाटांचाही उलगडा होतो. सुटलेले हायड्रोजन बंध केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून रात्री ओलसर केसांची सैल वेणी घालून सकाळी ती सोडली, की केसांत लाटा पडलेल्या असतात आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत किंवा दमट हवा लागेपर्यंत त्या प्रामाणिकपणे टिकतात. तुमचे केस जन्मजातच असे आहेत का, या प्रश्नाला लेखिका आजवर केवळ स्मितहास्याने उत्तर देत आलेली आहे, आणि स्मितहास्य हे खोटे बोलणे नव्हे.

विंचरण्याच्या बाबतीत शास्त्र आणि स्वयंपाकघर यांचे एकमत आहे. ओल्या केसांना बारीक दातांची फणी लावू नये. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने आणि नेहमी शेंड्यापासून वर सरकत जावे. २०२२ साली हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांत पीळ घातलेले दोन तंतू घेऊन हेच गणिताने सिद्ध केले: मोकळ्या टोकापासून लहान लहान फटकारे मारले तर पीळ टोकातून बाहेर निघून जातो, आणि मुळापासून एकदम खाली ओढले तर सगळे पीळ पुढे ढकलले जाऊन एका जागी घट्ट गाठ बसते. महादेवन यांनी आपल्या लहान मुलीचे केस विंचरले होते आणि तो अनुभव या अभ्यासामागे होता, ही माहिती समीकरणांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. मात्र त्यांच्या प्रतिमानात तंतू दोन होते आणि ते जागेवर स्थिर होते. प्रत्यक्षात तंतू लाखभर असतात आणि शाळेची रिक्षा खाली भोंगा वाजवीत असते. तेलाविषयी मतभेद असले तरी न्हाण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसाच्या आत शिरते आणि विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मॅरिको या मुंबईच्या कंपनीतील संशोधकांनी २००३ साली दाखवले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे.

कंगव्यात उरतो तो गुंतवळ, म्हणजे गळून गुंता झालेल्या केसांचा पुंजका, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, जरी संपादकांना ते आवडणार नाही. डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळणे ही स्वाभाविक गोष्ट आहे, परंतु तीन दिवस वेणीत अडकून राहिलेले सगळे केस न्हाण्याच्या दिवशी एकदम हाती येत असल्यामुळे, घरात दर तिसऱ्या दिवशी टक्कल पडण्याची घोषणा होते. पूर्वी हा गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून, त्यावर थू थू करून खिडकीच्या सांदीत किंवा फणेरपेटीच्या, म्हणजे फणी, आरसा आणि कुंकवाचा करंडा ठेवण्याच्या लाकडी पेटीच्या, खालच्या कप्प्यात कोंबत, कारण एक तर आपला केस परक्याच्या हाती पडून कोणी करणी करील अशी भीती असे, आणि दुसरे म्हणजे ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी आरोळी देत येणाऱ्या बाईला तोच गुंतवळ देऊन तिच्याकडून सुया, पिना, फुगे किंवा ॲल्युमिनियमचे पातेले घेता येत असे. करणीची भीती आणि पातेल्याचा मोह यांत पातेले नेहमी जिंकत आले, हे आपल्या समाजाच्या विवेकनिष्ठेचे लक्षण मानायला हरकत नाही. या व्यवहारात लेखिकेचा अभिमान असा की तिच्या गुंतवळाची लांबी पाहून बाईने एकदा वाटीसोबत चमचाही दिला होता. हा चमचा आजही घरात आहे आणि पाहुण्यांना दाखवला जातो.

बाईच्या झोळीतला गुंतवळ पुढे फार दूर जातो. कर्नाटकातील कोप्पळजवळचे भाग्यनगर हे या व्यापाराचे मोठे केंद्र असून तेथे पुंजकेच्या पुंजके आणून स्त्रिया एकेक केस हातांनी सोडवतात, धुतात, विंचरतात आणि लांबीप्रमाणे जुड्या बांधतात, ज्यांपासून शेवटी टोप आणि गंगावने, म्हणजे वेणीत घालायचे जादा केस, तयार होतात. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस सरळ जुडीने कापले जात असल्यामुळे त्यांची सर्व मुळे एका बाजूला राहतात आणि त्यांना लिलावात चढा भाव मिळतो. गुंतवळात मात्र मुळे आणि शेंडे उलटसुलट मिसळलेले असल्याने खवले एकमेकांत अडकतात, म्हणून तो स्वस्त. कच्च्या केसांच्या निर्यातीवर केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध घातले, यावरून सांदीत कोंबलेल्या त्या पुंजक्याची योग्यता कळावी. आपला एखादा केस परदेशात कोणा नटीच्या डोक्यावर प्रकाशझोतात चमकत असेल, अशी कल्पना लेखिकेने अनेकदा रंगवली आहे. त्या केसाचा गुंता सोडवणाऱ्या स्त्रीची कल्पना मात्र तिच्या मनात फार उशिरा आली, आणि आल्यावर चमचा पूर्वीइतका चकाकेनासा झाला.

कारण लांब केसांची कीर्ती ज्याच्या डोक्यावर ते असतात त्याला मिळत असली, तरी ती टिकवणारे हात बहुधा दुसऱ्या कोणाचे असतात. जुन्या घरांतून मुलींना न्हाऊ घालणे, केस टिपणे, धुरी देणे, संध्याकाळी पायरीवर बसवून गुंता काढणे ही कामे पुष्कळदा आलवणातल्या आत्याकडे किंवा आजीकडे येत. आलवण म्हणजे त्या काळी काही जातींत विधवेला नेसावे लागणारे तांबडे लुगडे, आणि त्याच्या पदराखालचे डोके न्हाव्याकडून भादरलेले असे. या प्रथेला केशवपन म्हणत, आणि तिच्यात सहभागी होण्यास नकार देऊन मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने संप केला, ही गोष्ट ज्या घरांत वस्तरा चालत होता त्या घरांनी अभिमानाने सांगितल्याचे ऐकिवात नाही. स्वतःचे केस हिरावून घेतलेल्या स्त्रीने दुसऱ्याच्या मुलीचे केस एकही न तोडता सोडवावेत आणि आल्यागेल्याने मुलीकडे पाहून ‘काय सुरेख केस आहेत!’ म्हणावे, याला सौंदर्यदृष्टी म्हणणे जड जाते.

आता ती आत्या नाही, आणि ती नाही हे उत्तमच झाले, पण तिचे काम कोणी उचललेले नाही. कंबरेपर्यंतचे केस दमट हवेत धड वाळायला दोन-तीन तास घेतात आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळी तेवढा वेळ कोणी देत नाही, म्हणून ती ओल्या केसांचा अंबाडा घालून लोकल पकडते, तो अंबाडा संध्याकाळपर्यंत आतून ओलाच राहतो, त्याला कुबट वास येतो, आणि जेथे रबरबँड आवळलेला असतो तेथेच केस तुटतो. वैतागून ती केस कापायचे म्हणाली, की घरातली जी माणसे मोरीच्या जाळीवरून वर्षभर धुसफुसत असतात तीच एकदम हळवी होतात आणि ‘एवढे छान केस, कापू नकोस हं’ असे चहा पिता पिता सांगतात. लेखिकेलाही हे वाक्य आवडते, ते ऐकण्यासाठी कापण्याची धमकी ती अधूनमधून देतही असते, परंतु या वाक्याने आजवर कोणाचाही एकसुद्धा केस वाळलेला नाही.

तेव्हा आपल्या घरातले लांब केस लांबच राहावेत असे ज्यांना वाटते, त्यांनी येत्या रविवारी कौतुक आवरते घ्यावे, पंचा आणि रुंद दातांचा कंगवा घेऊन तिच्या मागे बसावे, शेंड्यापासून सुरुवात करावी, हिसका देऊ नये, आणि नंतर मोरीची जाळीही आपणच साफ करावी.