सोसायटीची दुरुस्ती-वही : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम समिती नेमा. एका वहीसाठी समिती कशाला, असं जो विचारेल त्याला सचिव करा. पहिली बैठक वहीच्या नावावरच संपत येईल. तेवढ्यात यजमानांचा मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडेल आणि कामाला आपोआप सुरुवात होईल.

अध्यक्ष परदेशी दाखल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांना सांगा की २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये एकत्र बसून वस्तू दुरुस्त करायचं पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरलं. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी ‘आयफिक्सिट’ हे दुरुस्तीचं संकेतस्थळ सुरू केलं आणि तिथली माहिती आज कोणालाही फुकट वाचता येते. मग आपली वही कशाला? कारण बोअरच्या पाण्याने आपल्या गीझरच्या कॉइलवर किती थर चढतो, हे कॅलिफोर्नियाला ठाऊक नाही.

आता त्या मिक्सरची नोंद करा. सेवानिवृत्त सदस्य सुवाच्य अक्षरात लिहितील : ‘अतिभार-संरक्षक यंत्रणा कार्यान्वित झाल्यास पुनःस्थापक कळ दाबावी.’ त्यांचे आभार माना आणि ते घरी गेल्यावर पुन्हा लिहा : ‘मिक्सर फिरता फिरता गप्प. जळका वास नाही. प्लग काढा, थोडा वेळ थंड होऊ द्या. उलटा करा, तळाशी बहुधा लाल बटण असतं, ते दाबा. पुढच्या वेळी भांडं गच्च भरू नका.’ बिघडलेल्या वस्तूपुढे उभ्या असलेल्या माणसाला कोणता भाग बिघडलाय ते माहीत नसतं. त्याला फक्त लक्षण दिसतं. म्हणून ‘कपॅसिटर’ असा मथळा कुणी उघडणार नाही, ‘पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो’ हा उघडेल. खाली लिहा : छताच्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, तरी जुन्यावरचा आकडा बघूनच नवा आणा, पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. किंमत लिहिलीत तर शेजारी तारीखही लिहा, नाहीतर वाचणारा तीन वर्षांपूर्वीच्या भावासाठी दुकानदाराशी भांडेल.

सदस्यांकडून माहिती मागवा. येईल ती बव्हंशी कोणी कोणाला कसं लुबाडलं याची असेल. ती मन लावून ऐका, वहीत घेऊ नका. गळक्या नळावर दोन पक्ष पडतील : ‘वायसर बदला’ आणि ‘अख्खा नळच बदला’. दोन्ही मतं ठेवा. फक्त प्रत्यक्षात कोणी काय केलं आणि त्यानंतर नळ किती दिवस कोरडा राहिला, एवढं प्रत्येकाकडून लिहून घ्या. दुसरा पक्ष इथेच विरळ होतो.

खरी विद्या इलेक्ट्रिशियनकडे आहे, आणि त्याला समितीत घ्यायचं कोणालाच सुचलेलं नसतं. त्याला बोलवा, चहा द्या आणि वेळेचे पैसेही द्या. ‘सोसायटीचं काम’ म्हणून त्याला फुकटात बसवणं हा या उपक्रमातला सर्वात कोता भाग असतो. सगळं सांगितलं तर धंदा बुडेल, अशी भीती त्याला वाटत असेल, असं आपल्याला वाटतं. तो म्हणेल, “लिहा की काका. वाचून तुम्ही उघडणार, आणि जोडायला मलाच बोलावणार.”

त्याच्याकडूनच ‘हात लावू नये’ हे पान भरून घ्या, लाल शाईने. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो. गॅसचा वास आला तर बटणं चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. वॉरंटी असेल तर स्क्रू फिरवण्याआधी कार्ड शोधा. ते सापडणार नाही, पण शोधा.

पहिल्या पानावर लिहा : ‘कोणीही उतरवून घ्यावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, विकू नये.’ शेजारच्या सोसायटीला द्यायची की नाही यावर ठराव आणू नका. त्यांच्या प्लंबरचा नंबर आपल्याला हवाच आहे.

वही कार्यालयातल्या कपाटात ठेवू नका. कपाटाची किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव बंगळुरूला मुलाकडे असतात. ती वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, दोरीने पेन बांधा. पेन जाईल. दुसरं बांधा आणि खर्च ‘संकीर्ण’मध्ये टाका.