सतराशे साठ खिडक्या आणि एक धडा

उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या एकदा तरी पाहाव्यात. हिरव्या रंगाच्या आडव्या लाकडी पट्ट्या आणि त्या सगळ्यांना मधोमध जोडणारी एक उभी काठी. बंगाली माणूस हिला खडखडी म्हणतो. काठी हलवली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, पुन्हा हलवली की एकदम मिटतात. ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो. आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. एवढं सगळं एका काठीवर चालतं. सोबत माहितीपुस्तिका येत नाही.

याच शहरात आमच्या सातवीतल्या भाचीला विज्ञानाचा एक धडा हवा होता. धड्याचं नाव ‘प्रकाश’. तो एका शैक्षणिक संकेतस्थळावर आहे, असं शाळेनं कळवलं होतं. संकेतस्थळाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटेल.

पडदा उघडला. वरच्या चौकटीत बोधचिन्ह, तीन भाषांत विभागाचं नाव आणि चार मान्यवर, चौघेही हसतमुख. डाव्या चौकटीत विषयांची यादी. तिच्यातल्या एका ओळीवर टिचकी मारली की पाच ओळी उघडतात, पाचांतली तिसरी दाबली की ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी येते. उजव्या चौकटीत ताज्या घोषणा खालून वर सरकत असतात. बोट पोचेपर्यंत हवी ती घोषणा निघून गेलेली असते. २०१९ सालच्या एका परिपत्रकाशेजारी ‘नवीन’ हा लाल शब्द अजून उघडझाप करतो आहे. खालच्या चौकटीत स्वामित्वहक्क, अटी, शर्ती आणि आजवर किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. किती लोकांना धडा सापडला, त्याचा आकडा नाही.

या चारही चौकटींनी जागा घेऊन झाल्यावर मधे जी फट उरली, तिच्यात धडा. धडा पीडीएफमध्ये, पीडीएफला स्वतःची चौकट, त्या चौकटीला स्वतःचा स्क्रोलबार. बाहेरच्या पानाचा स्क्रोलबार वेगळा आणि ब्राउझरचा त्याहून वेगळा. मोबाईलवर बोट फिरवलं की तिघांपैकी कोण हलणार हे त्या-त्या वेळच्या ग्रहमानावर ठरतं.

“मामा, धडा कुठाय?”

“अगं, तो काय मधे.”

“मधे तर हे हसणारे काका आहेत.”

“त्यांच्या खाली बघ.”

“खाली गेलं की काका पण खाली येतात.”

बरोबर होतं. काकांची पट्टी पडद्याला घट्ट चिकटवलेली होती. धडा सरकेल, विद्यार्थी सरकेल, काका सरकणार नाहीत.

संकेतस्थळ बांधणाऱ्यांना या अडचणीची कल्पना असावी, कारण ‘खिडक्या व चौकटी कशा हाताळाव्यात’ असं एक स्वतंत्र पान त्यांनी दिलं होतं. तेही नव्या खिडकीत उघडत होतं. त्यातल्या सूचनांचं सार असं:

१. खिडकी मोठी करण्यासाठी वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारावी. खिडकी मोठी होईल. धडा तेवढाच राहील.

२. चौकटींच्या मधली कड धरून ओढल्यास हवी ती चौकट रुंद करता येते. आधी कड सापडावी लागते.

३. ‘मागे’ हे बटण दाबू नये. दाबल्यास आपण पहिल्या पानावर जाल व पुन्हा लॉगिन करावे लागेल.

४. पान छापायचे असल्यास आधी मधल्या चौकटीत टिचकी मारावी, मगच छापावे. अन्यथा दुसरीच चौकट छापली जाईल. (आमच्याकडे मान्यवरांची रंगीत प्रत आहे. कुणाला हवी असल्यास कळवावे.)

५. अन्य संकेतस्थळावर जाताना ‘आपण आमचे संकेतस्थळ सोडून जात आहात’ असा इशारा येईल. घाबरू नये.

अख्ख्या पानात मनाला खरा दिलासा देणारं वाक्य हे पाचवंच.

शेजारच्या मेजदांना मी हे सगळं दाखवलं. मेजदा निवृत्त सरकारी अधिकारी. निवृत्तीनंतर ते अशाच एका संकेतस्थळाच्या सल्लागार समितीवर होते, त्यामुळे चौकटींबद्दल वाकडा शब्द त्यांना खपत नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मातीच्या भांड्यात चहा आला आणि त्यांनी सुरुवात केली.

“दादा, संगणकाचं आम्हाला शिकवू नका. देशातला पहिला डिजिटल संगणक कुठे आला? आमच्या बरानगरात, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. एचईसी-२एम. पन्नासच्या दशकात! तेव्हा तुमच्या मुंबईत काय होतं?”

मी म्हटलं, “खरंय. पण त्या यंत्रावर कुणाचं छायाचित्र झळकवायची सोय नव्हती. म्हणून बहुधा ते मुकाट गणितं करत असे.”

मेजदांनी ते ऐकलं नाही. अड्ड्यावर समोरच्याचं ऐकण्याची प्रथा नाही. “आणि इंटरनेट? १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं लोकांसाठी सुरू केलं, तेव्हा पहिल्या शहरांत कोलकाता होतं. त्यानंतर लगेच फ्रेम, म्हणजे या चौकटी, आल्या. काय दिवस होते!”

ते दिवस मलाही आठवतात. १९९६ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीनं पडद्याचे तुकडे पाडायची सोय आणली. प्रत्येक तुकड्यात वेगळी फाईल, प्रत्येकाला वेगळा स्क्रोलबार. त्या काळी ती खरंच सोय होती. टेलिफोनच्या तारेवरून पान थेंबाथेंबानं उतरत असे. यादीची चौकट एकदा उतरली की पुन्हा उतरवावी लागत नसे, फक्त मजकुराची चौकट बदलायची. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात याकोब नील्सन या जाणकारानं सांगून टाकलं की यात वेबचा पायाच मोडतो. एक पान, एक पत्ता, हा साधा हिशोब. चौकटींमध्ये आतलं पान बदलतं आणि वरचा पत्ता तसाच राहतो. म्हणजे वाचत असलेल्या पानाची खूण ठेवता येत नाही, ते मैत्रिणीला पाठवता येत नाही. शोधयंत्रातून थेट आतल्या चौकटीत उतरलेल्या माणसाला यादीच दिसत नाही. कुठून आलो आणि पुढे कुठे जायचं, दोन्ही कळत नाही. १९९७च्या डिसेंबरात एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीनं चौकटींना अधिकृत जागा दिली. २०१४ साली पाचवी आवृत्ती पक्की झाली, तेव्हा जुन्या फ्रेमसेटला, म्हणजे पडद्याचे तुकडे पाडणाऱ्या मांडणीला, कालबाह्य ठरवून रजा देण्यात आली. एकट्या आयफ्रेमला, म्हणजे पानाच्या पोटात दुसरं पान बसवणाऱ्या चौकटीला, मुदतवाढ मिळाली.

आपल्याकडे निवृत्तांना मुदतवाढ मिळाली की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. फ्रेमसेटची सगळी खाती आयफ्रेमनं सांभाळली. आता पानात पान, त्यात पीडीएफ, पीडीएफमध्ये स्कॅन केलेला कागद आणि त्या कागदावर गोल शिक्का.

मेजदा म्हणाले, “तुम्ही मराठी लोक मुळातच चौकट मोडणारे. तुमच्यासाठी तर आम्ही खंदक खणला होता!”

हा टोमणा कोलकात्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला कधी ना कधी ऐकावा लागतो. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आरतीला आलेले बंगाली पाहुणेसुद्धा प्रसादाचा मोदक हातात घेऊन तो मारून जातात. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाले, मराठे काही इकडे फिरकले नाहीत आणि काम थांबलं. १७९९मध्ये त्यातला बराच भाग बुजवून वर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन आजही आहे.

संकेतस्थळांच्या इतिहासकारांनी या खंदकाकडे दुर्लक्ष केलं, याचं मला वाईट वाटतं. ज्याच्यासाठी काम काढलं तो आला नाही, पैसे खर्च झाले, अर्धं खणून ठेवलं, त्याच्या नावाची पाटी मात्र कायम राहिली. शैक्षणिक पोर्टलची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. जुन्या संकेतस्थळांवर ‘काम चालू आहे’ या पाटीशेजारी फावडं मारणारा एक छोटा माणूस असायचा. तो नक्की १७४२पासूनच खणतो आहे.

कोलकात्यात चौकटी कुणालाच जमत नाहीत, असं मात्र नाही. जादवपूर विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’ या विभागानं प्राध्यापक सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३ साली ‘बिचित्रा’ हे संकेतस्थळ पूर्ण केलं. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांची ४७,५२० पानं आणि छापील पुस्तकं व नियतकालिकांतली ९१,६३७ पानं तिथे आहेत. रवींद्रनाथ एकदा लिहून थांबणारे गृहस्थ नव्हते. एकच मजकूर मासिकात एक, पुस्तकात दुसरा, पुढच्या आवृत्तीत तिसरा. वहीत तर खोडलेल्या शब्दांना रेघा जोडत जोडत त्यांनी पक्षी आणि चेहरे काढून ठेवलेले. असा माणूस वाचायचा तर पडद्यावर दोन-चार पाठ शेजारी शेजारी मांडावेच लागतात. त्यासाठी तिथे ‘प्रभेद’ नावाची संगणकीय आज्ञावली तयार केली. ती आधी प्रकरण किंवा प्रवेश, मग परिच्छेद, मग शब्द, अशा पायऱ्यांनी फरक दाखवत जाते.

तिथेही चौकटी आहेत आणि चौकटींच्या आत चौकटी आहेत. पण प्रत्येक चौकटीत रवींद्रनाथ आहेत. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ही ओळ आधी कशी होती, आणि त्याचं उत्तर शेजारच्या चौकटीत मिळतं. आमच्या संकेतस्थळावर शेजारच्या चौकटीत निविदा होती.

हा फरक मी मेजदांपुढे ठेवला, तेव्हा ते पहिल्यांदाच थोडे शांत झाले आणि समितीचं गुपित त्यांनी सांगून टाकलं. “दादा, तुम्ही समजता तशा चौकटी तंत्रज्ञांनी आखलेल्या नसतात. प्रत्येक चौकटीमागे एक सभासद असतो. वरची पट्टी राजशिष्टाचार विभागाची. तिला हात लावला तर फाईल वर जाते, परत येत नाही. उजवीकडची प्रसिद्धीवाल्यांची. डावीकडची कंत्राटदाराची, त्याला ओळीमागे पैसे मिळतात. खालची विधी विभागाची.”

“आणि मधली?”

“मधली शिक्षकांची.”

“मग ती एवढीशी का?”

“शिक्षक बैठकीला येऊ शकले नाहीत. निवडणुकीच्या कामावर होते.”

यावर मी दुसरा चहा मागवला. पैसे मेजदांनी देऊ दिले नाहीत. एवढी सत्यवाणी झाल्यावर यजमानपण त्यांच्याकडेच जात होतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी समजू नये. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ सालीच निघाली आणि २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ज्याला दिसत नाही त्यालाही पान वाचता यावं, हा त्यांतला एक गाभा. म्हणून वरच्या कोपऱ्यात लहान-मध्यम-मोठा असे तीन ‘अ’ बसवलेले असतात. मोठा ‘अ’ दाबून पाहा. विभागाचं नाव मोठं होतं, घोषणा मोठ्या होतात, मधला धडा जागचा हलत नाही, कारण तो स्कॅन केलेलं चित्र आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं पडदावाचक यंत्र तर त्याला ‘फ्रेम, फ्रेम, फ्रेम’ एवढंच ऐकवतं आणि मधे आलेल्या चित्रापाशी गप्प होतं. नियम पाळला गेला, अहवालात बरोबरची खूण पडली. नियमातली चौकट भरली की खरी चौकट रिकामी राहिली तरी चालतं, ही आपली जुनी कार्यालयीन शिकवण.

भाचीला धडा मिळाला. वर्गातल्या एका मुलीनं मोठ्या बहिणीचं जुनं पुस्तक शोधलं, पानांचे फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर टाकले. एका फोटोत तिचा अंगठा आला आहे, पण तो वाचता वाचता वर-खाली सरकत नाही. वर्गातल्या सगळ्या मुलींचा अभ्यास त्यावर झाला. संकेतस्थळावरच्या भेटींचा आकडाही त्या दिवशी वाढला, कारण प्रत्येकीनं आधी तिथे शोधून पाहिलं होतं. वार्षिक अहवालात तो आकडा ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हणून येईल.

तेव्हा यापुढे नवं शैक्षणिक संकेतस्थळ निघायचं असेल, तर निविदेत माझी एक नम्र अट घालावी. बोधचिन्ह कितीही मोठं असू द्या, मान्यवर चाराचे आठ करा, घोषणांना चौकट कमी पडली तर आणखी एक द्या. फक्त उद्घाटनाच्या दिवशी, दीपप्रज्वलन झाल्यावर, प्रमुख पाहुण्यांच्या हाती दहा हजारांचा एक साधा मोबाईल द्यावा आणि त्यांनी सभागृहासमोर, कुणाची मदत न घेता, सातवीचा एक धडा उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवावा. वाचून झाल्याशिवाय भाषण नाही आणि भाषण झाल्याशिवाय अल्पोपाहार नाही.

आयोजकांना एवढीच विनंती की समईत तेल भरपूर घालून ठेवावं.