काडतुसांचा ताळेबंद

स्टर्लिंग नावाची एक ब्रिटिश कार्बाइन आहे. मॅगझिनमध्ये 34 गोळ्या, झाडण्याचा वेग मिनिटाला साधारण 550. चाप दाबून धरला तर चार सेकंदांच्या आत बंदूक रिकामी आणि बंदूकवाला उघडा. हीच कार्बाइन आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनत आली. जवानांच्या आणि पोलिसांच्या खांद्यावर कैक वर्षं दिसत आली. 1976 साली इंग्लंडमध्ये 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण झालं तेव्हा तिच्यावर एक दुर्बीण आणि थोडं इकडचं-तिकडचं डकवलं आणि ती पांढऱ्या चिलखतातल्या स्टॉर्मट्रूपरांच्या हाती दिली. त्या दिवसापासून तिच्या गोळ्या संपल्या नाहीत. आणि महत्त्वाच्या माणसाला लागल्याही नाहीत.

बिनमहत्त्वाच्यांना लागतात हं. सिनेमा सुरू होऊन पाच-दहा मिनिटं होत नाहीत तोच हे ट्रूपर एका जहाजात घुसून बंडखोर सैनिक पटापट आडवे करतात. नेम चांगला आहे. बिघाड होतो तो नायक-नायिका समोर आल्यावर. मग गोळीबाराला लग्नातल्या अक्षतांचं स्वरूप येतं: टाकायच्या वधूवरांच्या दिशेने, पडायच्या पुढच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यावर.

चाहत्यांकडे याचं उत्तर तयार असतं. नायक शत्रूच्या तळावरून निसटतात त्या पळापळीत ट्रूपरांनी मुद्दाम नेम चुकवला, कारण त्यांना जाऊ द्यायचं आणि त्यांच्या मागावर राहायचं असा वरून डाव होता. राजकन्या लेया तसं बोलूनही दाखवते. मान्य. पण पुढची चार दशकं नेम चुकवत राहायचा हुकूम कुणी काढला? अखेर 2019 मध्ये 'द मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स'च्याच मालिकेच्या कर्त्यांनी हात टेकले. त्यात दोन ट्रूपर वेळ जात नाही म्हणून जमिनीवरच्या एका डब्यावर नेम धरतात आणि दोघांनाही तो लागत नाही. चूक दुरुस्त करता येत नसेल तर तिचा विनोद करावा, ही पद्धत आपल्याकडच्या नगरपालिकांनाही शिकण्यासारखी आहे.

याहून मोठा गुन्हा मात्र खुद्द 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकस यांच्या नावावर आहे. मूळ 1977 च्या सिनेमात स्मगलर नायक हान सोलो एका गुत्त्यात बसलेला असतो. समोर ग्रीडो नावाचा सुपारीबाज, हातात पिस्तूल, नेम हानवर. हान टेबलाखालून हळूच आपलं हत्यार काढतो आणि त्याला उडवतो. (हत्यारही ओळखीचंच: 1896 सालच्या जर्मन माउझरला चढवलेला नवा साज.) दृश्य छोटं, क्रूर आणि अगदी पटणारं. बंदूक रोखलेल्या माणसाला आधी गोळी झाडू देणारे लोक स्मगलिंगच्या धंद्यात टिकत नाहीत. 1997 च्या सुधारित आवृत्तीत लुकसना वाटलं की आपला नायक असा थंड डोक्याचा खुनी दिसू नये. म्हणून त्यांनी ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली. आता पंचाईत पाहा. ग्रीडो आधी झाडणार तर हान मरणार. हान मेला तर सिनेमा संपला. म्हणून ग्रीडोचा नेम चुकवला. टेबलापलीकडून! वाटाण्याची शेंग फेकून मारली तरी लागेल एवढ्या अंतरावरून!

नायकाचं चारित्र्य वाचवायला एका कसबी माणसाच्या पोटावर पाय दिला. सुपारी घेऊन माणसं मारणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याची अशी बेअब्रू एखाद्या खुनाच्या आरोपापेक्षा जास्त लागणारी आहे. प्रेक्षकांनी गोंगाट केला, पुढच्या आवृत्त्यांमध्ये दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटू लागल्या, पण ग्रीडोचा नेम काही सुधारला नाही.

विज्ञानपटातल्या गोळीबाराच्या खरेपणावर बोलायला लागलं की जाणकार मंडळी लगेच पोकळीत आवाज कसा येतो आणि लेझरचा झोत बाजूने कसा दिसतो यावर घसरतात. प्रश्न बरोबर आहेत, पण फार वरवरचे. आवाज नसेल तर माणूस तिकीट कशाला काढेल? 'स्टार वॉर्स'मधल्या ब्लास्टर बंदुकीचा तो 'प्यूव' आवाज बेन बर्ट या ध्वनिकाराने मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून मिळवला, आणि त्या एका ठोक्यासाठी मी त्याला पोकळीतले सगळे गुन्हे माफ करायला तयार आहे.

शिवाय शास्त्र पाळायला निघालेलेही कसे आपटतात ते 'फायरफ्लाय' या 2002 च्या मालिकेत पाहावं. अंतराळात आवाज नसतो हे पाळणारी ही गुणी मालिका. तिच्या एका भागात जेन या पात्राची लाडकी बंदूक जहाजाबाहेरच्या पोकळीत झाडायची असते, तर ही शहाणी मंडळी तिला चक्क अंतराळवीराचा पोशाख चढवतात. का, तर म्हणे ऑक्सिजनशिवाय ती उडणार नाही. अहो, काडतुसातल्या दारूला लागणारा ऑक्सिजन दारूतच असतो. बंद पितळी नळीत तिला बाहेरची हवा कोण पुरवणार? आणि हे कुणाला आजमावायचं बाकी होतं असंही नाही. सोव्हिएत संघाच्या साल्युत-3 या लष्करी स्थानकावर खरी तोफ बसवलेली होती, आणि जानेवारी 1975 मध्ये तिचे बार कक्षेत काढलेही. माणसं आधीच उतरली होती, चाचणी जमिनीवरून झाली. तोफेचं तोंड स्वतंत्र वळत नसल्यामुळे नेम धरायला अख्खं स्थानक वळवावं लागे. बार काढताना धक्का सोसायला इंजिनं चालवावी लागली. अंतराळातल्या खऱ्या गोळीबाराचं चित्र हे असं आहे: सगळी उस्तवारी, एकही शत्रू नाही.

धक्क्याचंही गणित करून टाकू. पोशाखासकट दीडशे किलोचा माणूस तरंगत आहे आणि त्याने स्टर्लिंगची एक गोळी झाडली, तर तो सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने मागे सरकेल. पूर्ण मॅगझिन संपवलं तर अर्ध्या मीटरहून थोड्या जास्त वेगाने. त्यामुळे एका गोळीसरशी गिरक्या घेत नाहीसे होणारे नट जितके खोटे, तितकेच सबंध मॅगझिन रिकामं करून जागचे न हलणारेही.

जेम्स कॅमेरून हा गृहस्थ मला या बाबतीत विशेष आवडतो, कारण त्याच्याकडे दोन्ही टोकं सापडतात. 1984 च्या 'टर्मिनेटर'मध्ये भविष्यातून आलेला यंत्रमानव बंदुकीच्या दुकानात जाऊन 40 वॉटची प्लाझ्मा रायफल मागतो. चाळीस वॉट! एवढ्यात फ्रीजमधला दिवा जरा जास्त उजळेल. आपल्या डीआरडीओने एप्रिल 2025 मध्ये कर्नूलला ज्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं तो 30 किलोवॉटचा, म्हणजे या रायफलीच्या 750 पट. तरी त्यातून 'प्यूव' काही आलं नाही.

पण दोनच वर्षांनी त्याच कॅमेरूनने 'एलियन्स' काढला, आणि पडद्यावरच्या बंदुकीला पहिल्यांदा हिशेब आला. सैनिकांच्या रायफलीवर एक छोटी चौकट आहे, तिच्यात लाल आकडा: 95, आणि मग उतरत जाणारा. रायफल तशी जुनीच, आत अमेरिकेची टॉमी गन. पण तो आकडा नवा. पुढे कळतं की सैनिक जिथे उतरलेत तिथे डोक्यावर अणुभट्टीची यंत्रणा आहे, गोळी भलतीकडे गेली तर सगळेच जातील. मग लेफ्टनंट सैनिकांची मॅगझिन्स काढून घ्यायला लावतो. गोळी चुकू शकते आणि चुकलेली गोळी कुठेतरी जाऊन लागते, हे अंतराळातल्या कुणाला तरी सुचलं! वाचलेले लोक नंतर बसून मोजदाद करतात, किती रायफली, प्रत्येकीत किती गोळ्या. पुढे आलेल्या लांब आवृत्तीत तर कमाल आहे. बोळात आपोआप चालणाऱ्या बंदुका लावलेल्या आहेत, पलीकडून राक्षसांच्या लाटा येताहेत, आणि आपली माणसं काय करतात? दुसऱ्या खोलीत बसून गोळ्यांचा आकडा बघतात. तो शंभराखाली जातो, आणखी खाली येतो. कुणी धावत नाही, उडी मारत नाही. तरी श्वास अडकतो. मॅगझिन कधीच न संपणाऱ्या सिनेमात हे घडणंच शक्य नाही, कारण तिथे खर्च होण्यासारखं काही नसतं.

'प्रेडेटर' (1987) मधला तो जंगलतोडीचा प्रसंगही मी खऱ्याच्या बाजूला धरतो. अख्खी तुकडी मिनिटभर जंगल भाजून काढते, एकाच्या हातात तर हेलिकॉप्टरवरची मिनिगन. तिला चालायला वीज लागते, ती नटाच्या कपड्यांतून नेलेल्या लपवलेल्या वायरने पुरवावी लागली होती. आणि एवढ्या गोळीबाराची निष्पत्ती? पानावर परग्रहवासी शिकाऱ्याच्या हिरव्या रक्ताचे थेंब. घाबरलेल्या माणसांच्या गोळीबाराचा असा प्रामाणिक अहवाल मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अलीकडे 'द एक्स्पान्स' या मालिकेने हा हिशेब आणखी पुढे नेला. लढाईआधी तिथले खलाशी पोशाख चढवतात आणि जहाजातली हवा काढून टाकतात. पहिल्याच हंगामात एक माणूस बोलता बोलता शिराविना उरतो, कारण कुठून तरी आलेला गोळा भिंत, तो आणि पलीकडची भिंत असा सरळ निघून गेलेला असतो. त्याच्यासाठी रडायलाही सवड नाही. आधी भोकं बुजवायची, हवा चालली आहे.

आणि आपण? 2010 च्या 'एंधिरन'मध्ये रजनीकांतने साकारलेल्या चिट्टी या यंत्रमानवाच्या शेकडो प्रती एकमेकांना चिकटून अजस्र चेंडू बनवतात आणि चहूबाजूंनी रायफली झाडत सुटतात. मला ते दृश्य मनापासून आवडतं. नेम चुकण्याचा प्रश्न त्यांनी सगळीकडे एकदम गोळ्या झाडून निकालात काढला आहे. बंदुका मिळाल्या असतील, रजनीकांतना काय अवघड. पण एवढी काडतुसं पुरवायची तर 1869 पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याला तिन्ही पाळ्यांत ओव्हरटाइम लावावा लागेल, आणि जवळजवळ तीन तासांच्या सिनेमात चिट्टी इंडेंट भरताना एकदाही दिसत नाही.