नावे डावीकडं, आबा उजवीकडं

कोल्हापुरात दहावीचा निकाल लागला की सायन्सला गेलेल्या पोराचं कौतुक होतं आणि कॉमर्सला गेलेल्याचं सांत्वन. ‘असू दे, बँकेत चिकटशील,’ म्हणत शेजारच्या काकूंनी मलाही चहात साखर जरा जास्तच घातली होती.

अकरावीत ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’च्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली : डावीकडे नावे, उजवीकडे जमा. घरी येऊन आबांना ते म्हणून दाखवलं. आबांची उभी हयात शाहूपुरीच्या गूळ पेठेत दिवाणजी म्हणून गेलेली. रव्यांचं वजन मांडून, अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी करायची, हे त्यांचं काम. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कुठल्या शहाण्यानं सांगितलं? जमा डावीकडं, नावे उजवीकडं!”

“आबा, पुस्तकात छापलंय.”

“मग छापणाऱ्याचं दिवाळं निघालं असणार.”

गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. देशी नाम्याच्या लाल वहीत जमेची बाजू डावी. इंग्रजी पद्धतीत नेमकी उलटी. ही दुहेरी नोंदीची रीत लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं 1494 साली व्हेनिसमध्ये ग्रंथात छापली. पाच शतकांनी कोल्हापुरातला एक दिवाणजी आपल्या नावानं बोटं मोडेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पुढे उदाहरणं सुरू झाली. पुस्तकातले भागीदार भलतेच सज्जन. नफा 3:2 नं वाटून घेतात, एकमेकांच्या उचलीवर व्याज लावतात आणि तरी बोलणं सोडत नाहीत. “सख्खे भाऊ नसणार,” आबांनी निकाल दिला. त्यांच्या मालाला हटकून आग लागते आणि विमा कंपनी अर्धाच दावा मान्य करते. आबांचा संशय थेट धाकट्या भागीदारावर.

ख्यातीचं मूल्य काढताना मी सरासरी नफ्याला तीन वर्षांनी गुणलं, तेव्हा मात्र ते कळवळले. “पेठेत नाव व्हायला तीन पिढ्या जात्यात लेका, आणि तू तीन ओळींत मोकळा?”

त्यांचा खरा राग अनामत खात्यावर. तेरीज जुळली नाही, तर तेवढा फरक तात्पुरता तिथं टाकायचा. “पाच पैशांचा फरक राहिला तर शेठ आम्हाला घरी सोडत नव्हते. तुम्ही त्या फरकाला राहायला खोली देताय!”

माझं मत विचाराल तर शाखा न बघता हा विषय बारावीपर्यंत सगळ्यांनाच सक्तीचा करावा. निदान गल्लीतल्या मंडळाचा खजिनदार वर्गणीचा ताळेबंद तरी मांडेल. तो जुळेलच याची हमी नाही. पण फरक कुठं टाकायचा, हे त्याला शास्त्रशुद्ध ठाऊक असेल.