दोन जिल्ह्यांचा चिखल

आमच्या दाराबाहेर जुलै महिन्यात पादत्राणांचे सहा जोड वाळत असतात. वाळत असतात म्हणजे वाळावेत अशी आमची इच्छा असते. साताऱ्यात आषाढात काहीच वाळत नाही. पंचा नाही, गादी नाही, भिंतही नाही. या सहांतला एक जोड बायकोचा. बाकीचे पाच माझे, आणि ते पाचही एकाच कामासाठी जमवलेले: चिखलातून सायकल चालवताना पायांत घालायला.

"अहो, माणसाला पाय किती असतात?" असं तिनं तिसऱ्या जोडाच्या वेळी विचारलं होतं. पाचव्याच्या वेळी काहीच विचारलं नाही. ते जास्त लागलं.

दोष नोकरीचा आहे. घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत. सोमवारी पहाटेची एस.टी. धरायची आणि शुक्रवारी रात्री परतायचं. रक्तात साखर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज तासभर सायकल चालवायला सांगितली. "पाऊस असला तरी?" मी विचारलं. "साखर काय पाऊस बघून वाढते का?" ते म्हणाले. म्हणून दोन्हीकडे एकेक सायकल ठेवली. घरी गिअरची, सांगलीत खोलीमालकांची जुनी काळी, जिची घंटा सोडून सगळं वाजतं. सायकली आपापल्या गावी राहतात, बूट मात्र माझ्याबरोबर पिशवीतून ये-जा करतात. एकदा कराडच्या पुढं कंडक्टरनं अख्ख्या गाडीला विचारलं, "सुकट कुणाची हाय?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लांबून बघणाऱ्याला चिखल म्हणजे चिखल. पण साताऱ्याचा चिखल आणि सांगलीचा चिखल यांची जात वेगळी, स्वभाव वेगळा. यवतेश्वरच्या घाटानं कासकडे चढायला लागलं की भेटतो तो तांबडा. जांभा दगड झिजून झालेली ती माती, पाण्याबरोबर रस्त्यावरून खाली धावत असते. ती चिकटत नाही, घुसते. बुटात, मोज्यात, मोज्याच्या विणीत, नखांच्या कडांत. पांढरा मोजा एकदा कासला जाऊन आला की पुढं जन्मभर गेरूत बुडवल्यासारखा दिसतो.

सांगलीची माती काळी. ती कुठं धावत नाही. ती धरते. पाणी मिळालं की फुगते, आणि फुगली की तुम्हाला आपलं मानते. पहिल्या पावलाला तळव्याखाली भाकरीएवढा थर, तिसऱ्याला दुसरी भाकरी, दहाव्या पावलाला तुम्ही चार बोटं उंच झालेले असता आणि प्रत्येक पाय उचलताना मांडीला कळ लागते. सायकलचीही तीच गत. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती भरते आणि चाक फिरायचं बंद होतं. मग काटकी शोधायची, उकिडवं बसायचं आणि उकरायचं. उसाच्या फडाकडेनं कुणी उकिडवा बसलेला दिसला की येणारेजाणारे सभ्यपणे दुसरीकडे बघतात. मी सायकल साफ करत होतो, हे सांगायची संधीच मिळत नाही.

बरं, हा चिखल पावसाळ्यापुरता असावा, तर तेही नाही. घाटावरचा पाऊस दिवाळीआधी संपतो, तेव्हा सांगलीकडे गाळप हंगामाची तयारी सुरू असते. उसाच्या ट्रॉल्या फडातून बाहेर पडताना चाकांना चिकटलेली माती डांबरावर आणून सोडतात. पहाटे त्यावर दव पडतं. शिवाय शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीची. मार्गशीर्षाच्या कडाक्यात माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, शेकोटीशी जरा डोळा लागतो, तेवढ्यात पाट फुटतो आणि पाणी रस्त्यावर येतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही, अंगावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि घोट्यापर्यंत चिखल, हे दृश्य डिसेंबरात सांगली जिल्ह्यात फुकट बघायला मिळतं.

आता जोड. पहिला कोल्हापुरी. हा निर्णय अस्मितेतून झाला. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि सातारा, सांगली हे दोन्ही त्यांत आहेत. म्हणजे मी ज्या दोन चिखलांतून फिरतो त्या दोन्ही जिल्ह्यांना ही चप्पल अधिकृतपणे आपली. एवढ्यावर मी ती पायांत घालून घाट चढलो. कमावलेल्या कातड्याला पाण्याचं वावडं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि पायांत घालणं यांचा संबंध असतोच असं नाही. उतरेपर्यंत तळ वातड पुरीसारखा झाला आणि कर्रकर्र वाजणारी चप्पल पच्चपच्च बोलायला लागली. 2025 मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीनं मिलानला तसल्याच चपला मिरवल्या म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! मी म्हणतो, नेऊ द्यायच्या, पण नेताना एक श्रावण इथं काढायला लावायचा.

दुसरा जोड कॅनव्हासचा, शाळेतल्या पीटीच्या तासासारखा. त्याच्याबद्दल इतकंच की तो सकाळी ओला झाला ते साल कोणतं हे आता आठवत नाही.

तिसरा गमबुटांचा. हा मला सांगलीच्या खोलीमालकांनी दिला. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला 'बरं आहे ना' असं विचारत नाही; 'आयर्विनला किती?' असं विचारतात. 1929 पासून उभ्या असलेल्या त्या पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढायला मालकांनी हे बूट घेतले होते आणि त्यांना ते 'सत्तावन्न फुटी जोड' म्हणतात. "न्या तुम्ही," म्हणाले, "पुढच्या वेळी नवा घेईन." त्या 'पुढच्या वेळी'त कसलीही तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता.

इंग्रजीत या बुटांना वेलिंग्टन म्हणतात. ज्याच्यावरून नाव पडलं तो ड्यूक म्हणजे आपला जुना पाहुणा. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढायला तो केळणा नदी ओलांडून गेला. पुढं विलायतेत परतल्यावर त्यानं पोटरीपर्यंतचे बूट बेतून घेतले. ते चामड्याचे होते, रबर नंतर आलं. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत, मला खात्री आहे की सप्टेंबरातल्या मराठी नदीत पाय भिजल्याशिवाय माणसाला असलं काही सुचत नाही. पण तो घोड्यावर होता. सायकलवर गमबूट चालत नाही, कारण तो घोट्यात वाकत नाही. पाय खुंटीसारखा ताठ राहतो आणि पेडल मारताना सगळं अंग हलतं. मागून बघणाऱ्याला वाटतं, हा कुणाशी तरी भांडत चाललाय.

चौथा जोड पुण्याच्या भाच्यानं गळ्यात मारला. बुटाच्या तळाला लोखंडी खटका असतो, तो पेडलमध्ये खट्टकन बसतो आणि पाय सुटतच नाही. पाय ज्यात अडकतो त्या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात, इथंच मला शंका यायला हवी होती. 1990 साली एका जपानी कंपनीनं डोंगरात सायकल हाकणाऱ्यांसाठी हा खटका तळव्याच्या खाचेत बसवला, म्हणजे उतरून चालताही यावं. भाचा म्हणाला, "मामा, टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की पाय सुटतो. अगदी सोपं." सोपंच आहे, फक्त खाचेत माती जाता कामा नये. सांगलीत काळी माती खाचेत बसली आणि आठवडाभर पाय आत जाईना. शनिवारी साताऱ्यात तीच माती ओली होऊन सरकली, पाय आत गेला आणि पोवई नाक्यावर बाहेर येईना. समोर एस.टी. वळत होती म्हणून मी थांबलो. सायकलही थांबली. मग आम्ही दोघं सावकाश, एखादं जुनं झाड पडावं तसे, उजवीकडे कलत गेलो. वेळ इतका मिळाला की पडता पडता मी चहाच्या टपरीवरच्या तिघांकडे बघून ओळखीचं हसूही दिलं. "काका, आधी पाय सोडवा!" त्यांतला एक ओरडला. तेच तर.

पाचवा जोड वॉटरप्रूफ. पाच हजार दोनशे रुपये. पाण्याचा थेंब आत जाणार नाही, असं दुकानदारानं बुटावर बाटलीनं पाणी ओतून दाखवलं. गेला नाही. घाटात मात्र पाणी बुटावर पडलंच नाही. ते गुडघ्यावर पडलं, नडगीवरून ओघळलं, मोज्याच्या बोटाला धरून आत उतरलं आणि तिथं राहिलं. जो बूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आतलंही बाहेर जाऊ देत नाही. कासपर्यंत दोन्ही पाय कोमट पाण्यात पोहत होते. घरी आल्यावर बूट उलटा केला तर तुळशीला पुरेल एवढं पाणी निघालं. बायको म्हणाली, तुळशीला घालू नका.

वर्तमानपत्राचे बोळे करून बुटात कोंबायचे, हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट अनुभवानं सांगतो: गुळगुळीत कागदाची रविवारची पुरवणी पाणी पीत नाही. छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यांत जास्त पितं.

शेवटी बूट घेऊन राजवाड्याजवळच्या एका चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी आत हात घातला, हुंगलं, तळ दाबला आणि म्हणाले, "सायेब, ह्यो बूट न्हाई, हौद हाय."

"मग काय करायचं?"

"हौदाला काय करत्यात? तोटी बसवायची." एवढं बोलून त्यांनी आरी उचलली. पाच हजार दोनशे रुपयांच्या, थेंब आत न येणाऱ्या बुटाला, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी तळव्याच्या दोन्ही कडांना तीन-तीन भोकं पाडली. पहिल्या भोकाला मी डोळे मिटले, सहाव्याला मोजत होतो. वरून एक सल्ला दिला, सुती मोजा टाकून द्या, लोकरीचा वापरा. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. आणि माणदेशी घोंगडीचा एक जुना तुकडा रापीनं पावलाच्या मापाचा कापून आत बसवला. वीस रुपये घेतले.

खरं सांगतो, जमलं. पाणी येतं, जातं. वरून नळ, खालून मोरी. आमच्या जिल्ह्यातून आषाढी वारी जाते तेव्हा माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, त्यानंतर पालखी लोणंदकडे निघते. भिजणं हेच ज्यांचं भाग्य अशी पादत्राणं तेवढीच, असं मी मानत होतो. आता त्यांच्या खालोखाल माझे बूट. एकच अडचण राहिली, ओली घोंगडी ओल्या मेंढीसारखा वास सोडते. सांगलीकडे मेंढ्यांचे कळप उतरले की धनगराचा कुत्रा माझ्या सायकलमागं लागतो, पण भुंकत नाही. वळवायला बघतो.

गेल्या डिसेंबरात सांगलीबाहेर पहाटे सायकल काढली होती. वळणावर पाट फुटून रस्ताभर पाणी आणि चिखल. पलीकडून माकडटोपीतला एक शेतकरी येत होता. सायकल खांद्यावर, पायताण काढून हँडलला अडकवलेलं, पाय अनवाणी. एवढ्या थंडीत पायताण का काढलं म्हणून मी विचारलं. "भिजतंय की," तो म्हणाला.

मी मात्र ऐटीत बुटांसकट पाण्यात उतरलो, पलीकडे गेलो आणि डांबरावर उभा राहिलो. सहा-सहा भोकांतून दोन्हीकडून चिळकांड्या सुटल्या. तो थांबला. खांद्यावरची सायकल खाली ठेवली, वाकला, बॅटरी लावून एक बूट नीट बघितला, मग दुसरा.

"पाव्हणं, किती दिलं ह्येला?"

"पाच हजार दोनशे."

त्यानं बॅटरी बंद केली. "आवं, भोकं पडल्यात की सगळीकडनं. फशिवलं तुमास्नी."